असुराचा क्रोध, खेळाडूचा अंगठा

आकाशातून एक बोट खाली येते. ते बोट एका देवाचे आहे आणि तो देव आता साऱ्या ग्रहापेक्षा मोठा झाला आहे. अंतराळात उभा राहून तो तर्जनीच्या टोकाने जमिनीवरच्या एका योद्ध्याला मुंगीसारखा चिरडू पाहतो. योद्धा पळत नाही. तो आपले सहाही हात उगारतो आणि त्या अवाढव्य बोटावर ठोसे मारू लागतो. नेमक्या याच क्षणी टीव्हीच्या पडद्यावर एका बटणाचे चित्र झळकते आणि कंट्रोलर हातात धरलेल्या खेळाडूपुढे एकच काम उरते. ते बटण अंगठ्याने जितक्या वेगाने दाबता येईल तितक्या वेगाने दाबत राहायचे. अंगठ्याला रग लागते, पण थांबायची सोय नसते. हळूहळू त्या बोटाला तडे जातात, तडे हातभर पसरतात आणि अखेर तो ग्रहाहून मोठा देव अवकाशातच फुटून जातो.

एखाद्या खेळाचा हा कळसाध्याय असावा, असेच कोणालाही वाटेल. वस्तुतः या वेळी निम्मा खेळही झालेला नसतो.

‘असुराज रॅथ’, म्हणजेच ‘असुराचा क्रोध’, हा तो व्हिडिओ गेम. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या दोन यंत्रांसाठी बाजारात आला. तो घडवला फुकुओका येथील सायबरकनेक्ट टू या कंपनीने आणि प्रकाशित केला ओसाकाच्या कॅपकॉमने. सेइजी शिमोदा हे त्याचे दिग्दर्शक, तर काझुहिरो त्सुचिया हे निर्माते. ‘नारुतो’ या लोकप्रिय जपानी चित्रमालिकेवरील मारामारीचे खेळ हे सायबरकनेक्ट टूचे तोवरचे ठळक काम होते. चित्रमालिका खेळात कशी उतरवायची हे तंत्र या मंडळींना चांगलेच अवगत होते. ‘असुराज रॅथ’च्या वेळी मात्र त्यांच्यापुढे आयती मालिका नव्हती. तेव्हा त्यांनी आधी कधीच नसलेली मालिका कल्पिली आणि तिचाच खेळ केला.

त्यामुळे हा खेळ भागाभागांनी उलगडतो. मूळ डिस्कवर असे अठरा भाग आहेत. प्रत्येक भागात श्रेयनामावली येते, मध्ये जाहिरातीच्या विश्रांतीआधी यावी तशी पाटी येते आणि शेवटी ‘पुढील भागात’ची झलकही दाखवली जाते. रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसून मालिका पाहिलेल्या पिढीला हा थाट तत्काळ ओळखू येतो. फरक इतकाच की, येथे प्रेक्षकाच्या हातात कंट्रोलर असतो आणि मालिका मधूनमधून त्याच्याकडे हात पुढे करते.

रागाची पट्टी

हा खेळ अतिरंजित आहे, हे सांगायला समीक्षकाची गरज नाही. त्याची खरी गंमत अतिरंजनाच्या मागे लपलेल्या एका साध्या यंत्रणेत आहे. मारामारीच्या बहुतेक व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर दोन पट्ट्या असतात. एक नायकाच्या प्राणशक्तीची, दुसरी शत्रूच्या. शत्रूची पट्टी रिकामी करायची आणि तोवर आपली सांभाळायची, हा या प्रकारातला जुना नियम. गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरमध्ये नाणे टाकून खेळणाऱ्या मुलांपासून आजच्या महागड्या खेळांपर्यंत तो फारसा बदललेला नाही.

‘असुराज रॅथ’ने हा नियम उलटा केला. येथे मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या प्राणशक्तीची पट्टीच नाही. पडद्याच्या वरच्या बाजूला एक पट्टी दिसते ती असुराच्या क्रोधाची. ठोसे लगावले, समोरून आलेला घाव नेमक्या क्षणी परतवला की ती भरत जाते. ती पूर्ण भरली की एक बटण उजळते. ते दाबले की असुराचा राग फुटतो, लढाईचा तो टप्पा संपतो आणि कथा पुढे सरकते. शत्रू किती जखमी झाला, हा प्रश्न खेळ विचारतच नाही. नायक पुरेसा संतापला की नाही, एवढेच तो मोजतो.

खेळाचे नाव क्रोधावरून आहे आणि त्याचे अंकगणितही क्रोधाचेच आहे. नाव आणि नियम यांचा असा मेळ मोठमोठ्या खेळांतही क्वचितच आढळतो. ‘नायक सूडाने पेटला आहे’ असे कथेत सांगायचे आणि प्रत्यक्ष खेळात मात्र त्याला पेटाऱ्यांतून सोन्याची नाणी गोळा करायला लावायचे, ही या क्षेत्रातली नेहमीची विसंगती. येथे नाणी नाहीत, पेटारे नाहीत, शस्त्रांची दुकाने नाहीत. ठोसे मारणे, धावता-उडता गोळ्यांचा मारा करणे आणि ऐन प्रसंगी पडद्यावर झळकणाऱ्या खुणेबरहुकूम बटण दाबणे किंवा दांडी फिरवणे, एवढ्या तीन गोष्टींवर सारा डोलारा उभा आहे.

त्या खुणाही विचारपूर्वक योजलेल्या आहेत. असुर दोन्ही हातांनी काही फाकवत असेल तर कंट्रोलरच्या दोन्ही दांड्या दोन दिशांना ढकलाव्या लागतात. तो ओझे पेलत असेल तर बटण न थांबता दाबावे लागते. हातांची हालचाल पडद्यावर जशी, तशीच लहान प्रमाणात खेळाडूच्या बोटांत. कित्येक ठिकाणी खेळाडू चुकला तरी कथा अडत नाही, भागाच्या शेवटी मिळणाऱ्या गुणपत्रिकेत तेवढे गुण कमी होतात. हुशार खेळाडूंना हे खटकले. बटण चुकल्यानेही काही बिघडत नसेल तर ते दाबायचे कशाला, हा त्यांचा सवाल रास्तच होता. त्याचे उत्तर कथेत सापडते.

एका बापाची गोष्ट

कथा अशी. गाइया नावाच्या ग्रहावर गोहमा नामक दुष्ट जीवांचे संकट वारंवार कोसळते. त्या जीवांचा मूळपुरुष व्लित्रा ग्रहाच्या गाभ्यात दडलेला आहे. निम्मे यंत्र आणि निम्मे देव असलेले आठ सेनापती त्याच्याशी झुंजतात. असुर हा त्यांपैकी एक. या सेनापतींना बळ मिळते ते मंत्रशक्तीतून. असुराची कन्या मिथ्रा हिच्या ठायी ती शक्ती अनेकपटींनी वाढवण्याचे सामर्थ्य आहे, आणि हेच तिचे दुर्दैव ठरते. युद्ध जिंकून परतल्यावर डेउस हा प्रमुख सेनापती आणि त्याचे सोबती सम्राटाचा खून करतात, त्याचा आळ असुरावर घेतात, त्याची पत्नी दुर्गा हिला मारतात, मिथ्राला पळवतात आणि असुराला स्वर्गातून खाली ढकलून देतात. तो थेट नरकात पडतो आणि बारा हजार वर्षांनी जागा होतो.

दरम्यान ते सात सेनापती सात देव होऊन बसलेले असतात. त्यांचे म्हणणे असे की, गोहमांचा कायमचा नायनाट करायचा तर अफाट शक्ती हवी आणि ती मिळते मानवी आत्म्यांतून. सबब माणसे मारायची, त्यांचे आत्मे साठवायचे आणि त्या बळावर ‘ब्रह्मास्त्र’ नावाची महातोफ चालवायची. माणसे या देवांची पूजा करतात, त्यांच्यापुढे हात जोडतात आणि हात जोडलेल्या स्थितीतच मरतात. मिथ्रा या साऱ्या यंत्रणेच्या मध्यभागी हजारो वर्षे बंदिवान आहे. या सात देवांत असुराचा मेहुणा याशा हाही आहे. तो दुष्ट नाही. जग वाचवायचे तर एवढी किंमत मोजावीच लागेल, असे त्याने स्वतःला बजावले आहे, आणि भाचीच्या डोळ्याला डोळा भिडवणे त्याला जमत नाही.

येथे खेळाची नैतिक बाजू उघड होते. देवांपाशी मोठा हेतू आहे : ब्रह्मांडाचा उद्धार. असुरापाशी लहान हेतू आहे : आपली मुलगी रडते आहे, तिला रडवणाऱ्याला सोडायचे नाही. त्याला राज्य नको, सिंहासन नको, जगाच्या उद्धाराची भाषाही त्याला कळत नाही. मोठ्या हेतूच्या नावाखाली माणसांचे इंधन करणाऱ्यांपुढे हा लहान हेतू उभा करणे आणि खेळाडूला त्या लहान हेतूच्या बाजूने बटण दाबायला लावणे, हे या खेळाचे सार. चुकले तरी चालेल असे बटणही म्हणूनच दाबावेसे वाटते. खेळाडू त्या क्षणी केवळ परीक्षा देत नसतो, तो असुराला दुजोरा देत असतो.

नारा ते गाइया

मराठी वाचकाला ही नावे ऐकताना मौज वाटेल आणि थोडे अडखळल्यासारखेही होईल. असुर, मंत्र, नरक, ब्रह्मास्त्र, दुर्गा. ‘व्लित्रा’ हा तर वृत्रच. जपानीत ‘र’ आणि ‘ल’ यांचा भेद नसल्याने इंग्रजीत उतरताना त्याचे असे रूप झाले. ‘याशा’ म्हणजे यक्ष. मेघाच्या हाती प्रियेला निरोप पाठवणारा कालिदासाचा यक्ष आणि मुखवटा घालून रणांगणात उतरणारा हा याशा एकाच शब्दाची लेकरे होत. दुर्गा या नावाच्या स्त्रीचा खेळाच्या आरंभीच बळी जातो, हे आपल्याकडच्या भाविकाला रुचणार नाही. परंतु ही नावे थेट भारतातून उचललेली नाहीत. बौद्ध धर्माबरोबर चीन आणि कोरियामार्गे जपानात पोचलेला हा शब्दसंग्रह तेथे शेकडो वर्षे नांदला आहे आणि तेथील भाषेत मुरला आहे. ‘नरक’ या शब्दाचे ‘नाराकु’ झाले आणि जपानी रंगभूमीवर रंगमंचाखालच्या पोकळ जागेलाही तेच नाव पडले. जेथे प्रचंड धुमश्चक्री माजली आहे त्या ठिकाणाला जपानी माणूस आजही ‘शुराबा’, म्हणजे असुरांचे स्थान, असे म्हणतो.

असुराचे सहा हातही तेथलेच. नारा शहरातील कोफुकुजी या मंदिरात आशुराची एक प्राचीन मूर्ती आहे. तीन मुखे, सहा हात, कृश बांधा आणि किंचित आक्रसलेल्या भुवया. लाखेत भिजवलेल्या कापडाचे थर देऊन ती इ. स. ७३४ मध्ये घडवली गेली. सम्राज्ञी कोम्यो हिने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ जे दालन उभारले, त्यातील मूर्तिसमूहापैकी ही एक. २००९ मध्ये ती तोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रदर्शनासाठी आणली तेव्हा ती पाहायला नऊ लाखांहून अधिक माणसे लोटली. या मूर्तीचे वैशिष्ट्य असे की, युद्धखोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या या असुराच्या चेहऱ्यावर राग जवळजवळ दिसतच नाही, दिसते ती व्याकूळता. त्याचा राग ओसरून गेला आहे आणि मागे काहीतरी दुखते आहे, असा तो चेहरा आहे.

जपानात प्रचलित असलेल्या बौद्ध कथेनुसार आशुराला एक सुंदर कन्या होती. तैशाकुतेन, म्हणजे आपला इंद्र, तिला बळाने घेऊन गेला. आशुराने संतापून इंद्राशी युद्ध मांडले, तो हरला, पुन्हा लढला, पुन्हा हरला आणि अखेर स्वर्गाला मुकला. भारतीय पुराणांत याच कथेचे बीज वेगळ्या रूपात दिसते. इंद्राची पत्नी शची ही पुलोमा नावाच्या दानवाची कन्या, म्हणूनच ती पौलोमी. आणि इंद्राने त्या पुलोम्याचा, म्हणजे आपल्या सासऱ्याचाच, वध केला. पाली वाङ्मयातही वेपचित्ती या असुरराजाची कन्या सुजा ही सक्काची, अर्थात इंद्राची, पत्नी होते. मुलगी देवाच्या घरी गेली आणि बाप शत्रू ठरला, एवढा धागा सगळीकडे समान.

तिन्ही परंपरांमध्ये कथा सांगितली गेली ती बहुधा जिंकणाऱ्या देवाच्या बाजूने. आशुराची बाजू न्यायाची होती, पण त्याला राग सोडता आला नाही आणि म्हणून तो अधोगतीला गेला, असा बोध जपानी कीर्तनकारही काढतात. ‘असुराज रॅथ’ने तीच कथा बापाच्या खांद्यावरून पाहिली. खेळातला डेउस विजेचा स्वामी आहे, त्याच्या हातून असुर स्वर्गातून लोटला जातो. वज्रधारी इंद्राची सावली त्याच्यावर स्पष्ट आहे. ऋग्वेदात वृत्राला मारणारा इंद्र, येथे व्लित्राशी अखेरची झुंज देणारा मात्र असुर. ‘असुर’ हा शब्द वेदाच्या प्राचीन सूक्तांत वरुणासारख्या देवांनाही आदराने लावला जाई आणि पुढे तो उतरणीला लागून शत्रुवाचक झाला, हे अभ्यासकांना ठाऊकच आहे. एका जपानी खेळाने त्याला पुन्हा नायकपदी बसवले, तेही नकळत.

रौद्रातून करुण

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात क्रोध हा रौद्ररसाचा स्थायीभाव मानला आणि राक्षस, दानव व उद्धत माणसे ही त्याची आश्रयस्थाने सांगितली. त्याच ग्रंथात रौद्रातून करुणाचा उगम होतो, असेही म्हटले आहे. संस्कृत नाट्यशास्त्राशी या जपानी कारागिरांचा परिचय होता असे समजण्याचे कारण नाही. तरीही त्यांच्या खेळातील सर्वांत चांगले प्रसंग नेमके त्या सूत्रावर उभे आहेत.

त्यातला एक प्रसंग चंद्रावरचा. ऑगस हा असुराचा गुरू. त्याला जगाच्या उद्धाराशी देणेघेणे नाही, मुलीच्या सुटकेशी नाही. चांगली लढाई व्हावी, एवढीच त्याची वासना. लढाईआधी गुरू-शिष्य गरम पाण्याच्या झऱ्यात बसून मद्य पितात, आणि खेळाडूलाही बटण दाबून पेला उचलावा लागतो. मग दोघे चंद्रावर जातात. तेथे पार्श्वभूमीला द्वोर्झाक या चेक संगीतकाराने १८९३ मध्ये रचलेल्या ‘नव्या जगातून’ या सिंफनीचा चौथा भाग घुमू लागतो, आणि ऑगसची तलवार लांबत लांबत जाते. इतकी की, असुराला भोसकून ती त्याला चंद्रावरून थेट ग्रहापर्यंत लोटत नेते आणि ग्रहाच्या आरपार निघते. हे वाचून हसू येते, पाहतानाही येते. आणि तरीही लढाईच्या शेवटी, दोन्ही हात गमावलेल्या शिष्यासमोर समाधानाने मरणारा तो म्हातारा पाहून हसू थांबते. अतिशयोक्ती एवढी ताणल्यावर तिच्याखालचे साधे नाते उघडे पडावे, ही किमया जमवणारे खेळ थोडेच.

दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट. असुराला एका गावात एक लहान मुलगी भेटते, चेहऱ्यामोहऱ्याने मिथ्रासारखी. ती त्याची काळजी घेते. तो बोलत नाही, पण तिच्याजवळ बसतो. येथे रागाची पट्टी नसते, करण्यासारखेही फारसे काही नसते. मग देवांचा ताफा आकाशात येतो आणि त्या गावावर आग ओततो. ती मुलगी मरते. यानंतर असुराचे जे रूप होते ते पाहवत नाही. शत्रू-मित्र हा विवेक संपलेला, हातांच्या जागी ज्वाळा उगवलेल्या, नुसता धगधगता क्रोध. त्या ताफ्याची जहाजे पाडण्यासाठी खेळाडूची बोटे चालूच असतात, पण आधीची मौज आता उरलेली नसते. पट्टी भरते आहे याचा आनंद व्हावा की भय वाटावे, हे ठरवता येत नाही. मेहुण्यालाच अखेर पुढे होऊन त्याला भानावर आणावे लागते. आणि तेव्हा खेळाडूच्या हाती असुर नसून तो मेहुणा असतो. ज्याच्या बाजूने आतापर्यंत ठोसे मारले, त्याच्यावरच ठोसे मारायचे. रागाला दुजोरा देणाऱ्याला रागाची दुसरी बाजूही भोगायला लावणारी ही योजना खेळातील सर्वांत मोलाची म्हणावी लागेल.

हा खेळ की चित्रपट?

टीकाकारांचा मुख्य आक्षेप ठरलेला होता : यात खेळ कमी आणि पाहणे जास्त. आक्षेप जुनाच आहे. १९८३ च्या ‘ड्रॅगन्स लेअर’मध्ये लेसर डिस्कवरील व्यंगपट चालू असताना योग्य क्षणी दांडी हलवणे, एवढेच खेळाडूच्या हाती होते. १९९९ साली यू सुझुकी यांच्या ‘शेनमू’ने या प्रकाराला रीतसर नाव दिले. २००५ च्या ‘गॉड ऑफ वॉर’ने त्याचा भरपूर वापर केला आणि त्यानंतर अशा खुणांचा इतका सुकाळ झाला की २०१२ पर्यंत अनेक खेळाडूंना त्यांचा वीट आला होता. ‘असुराज रॅथ’ आला तो असा अवेळी. शिवाय डिस्कवरचे अठरा भाग सात-आठ तासांत संपत. पूर्ण किमतीत एवढाच खेळ, ही तक्रार वाजवी होती. मारामारीचे भागही सुट्या सुट्या पाहिले तर साधारणच आहेत. नेमबाजीची दृश्ये काही ठिकाणी लांबतात. हे दोष नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु ‘खेळ की चित्रपट’ हा वाद येथे मुळात गैरलागू ठरतो. चित्रपट म्हणून हीच दृश्ये पाहिली तर त्यांचा प्रभाव निम्म्याने घटतो. कीर्तनात बुवा मध्येच थांबून श्रोत्यांकडून गजर करवून घेतात, तेव्हा कथा बदलत नाही. श्रोत्याचा कथेशी असलेला संबंध मात्र बदलतो. बटण दाबण्याचे येथे तेच काम आहे. बोटाला रग लागते म्हणून त्या प्रचंड तर्जनीचे वजन जाणवते.

विकत मिळणारे निर्वाण

आता सर्वांत वादग्रस्त भाग. अठराव्या भागाअखेर व्लित्राचा पाडाव होतो आणि बाप-लेकीची भेट होते. येथे खेळ संपला असता तरी चालले असते. परंतु काही अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला आणखी एक दृश्य दिसते. आतापर्यंत असुराला अधूनमधून भेटणारा सोनेरी कोळी प्रकट होतो आणि मिथ्राला पुन्हा हिरावून घेतो. तो म्हणजे या सृष्टीचा कर्ता चक्रवर्तिन. पुढे काय झाले, हे डिस्कवर नव्हतेच. ‘निर्वाण’ नावाचे चार भाग त्याच वर्षी इंटरनेटवरून वेगळ्या किमतीत विक्रीस आले. मूळ पैसे मोजलेल्या ग्राहकाला कथेचा अंत पुन्हा विकत घ्यावा लागला. ‘स्ट्रीट फायटर’मधील र्‍यू आणि अकुमा यांच्याशी असुराची गाठ घालणारे दोन गमतीचे भागही असेच वेगळे विकले गेले. ते जोडभाग होते, घेतले नाही तरी बिघडत नव्हते. शेवटाचे तसे नव्हते.

व्यवहार म्हणून याची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. कथेच्या दृष्टीने झालेले नुकसान मात्र अधिक खोल आहे. कारण क्रोधाची पट्टी भरत भरत आलेल्या या खेळात क्रोध शमतो तो केवळ त्या चार भागांतच. असुर आणि याशा यांची अखेरची लढत होते, मेहुणा प्राण वेचून आपली शक्ती त्याच्या स्वाधीन करतो. मग चक्रवर्तिनशी झुंज सुरू होते. ग्रह आणि तारे चेंडूसारखे भिरकावले जातात, अतिरंजनाची कमान आणखी चढते. आणि त्याच वेळी सृष्टिकर्ता एक साधी गोष्ट बजावतो. मंत्रशक्तीचा उगम तोच आहे. तो मेला की ती शक्ती संपेल आणि तिच्यावर जगणारा असुरही उरणार नाही. मिथ्रा बापाला विनवते की थांब. बाप थांबत नाही. परंतु या वेळचा ठोसा पूर्वीसारखा आंधळा नसतो. काय गमवायचे आहे हे ठाऊक असून तो मारलेला असतो. त्यानंतर असुराच्या चेहऱ्यावर प्रथमच राग दिसत नाही. लेकीच्या डोळ्यांदेखत तो नाहीसा होतो. नंतरच्या छोट्या दृश्यात कोट्यवधी वर्षे लोटलेली असतात, आधुनिक शहर असते आणि ओळखीच्या चेहऱ्यांची माणसे, जणू नव्या जन्मात, त्या शहरात वावरताना दिसतात.

म्हणजे ज्याने केवळ डिस्क विकत घेतली, त्याच्या पदरी क्रोध पडला, शांती पडली नाही. रौद्रातून करुणाकडे नेणारा पूल वेगळ्या दुकानात ठेवलेला होता.

आणि ते दुकान कायमचे नसते, ही आणखी एक अडचण पुढे आली. मार्च २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ चे ऑनलाइन दुकान बंद करण्याचे जाहीर केले. ग्राहकांच्या नाराजीनंतर एप्रिलमध्ये तो निर्णय फिरवला. एक्सबॉक्स ३६० चे दुकान मात्र २९ जुलै २०२४ रोजी बंद झालेच. छापील पुस्तकाची शेवटची पाने गहाळ झाली तर कोणाच्या तरी कपाटात, एखाद्या जुन्या ग्रंथालयात दुसरी प्रत सापडण्याची आशा असते. येथे शेवटची पाने कधी छापलीच गेली नव्हती. जुन्या वस्तूंच्या बाजारात या खेळाची डिस्क आजही अधूनमधून हाती लागते. तिच्यावर कथा अठराव्या भागापर्यंतच आहे.